केबल काढून लावली की मॉनिटर दिसतो, पण उद्या पुन्हा तेच

लॅपटॉप चालू, मॉनिटर चालू, केबल दोन्हीकडे घट्ट बसलेली, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. केबल उपसायची, पुन्हा खोचायची, चित्र येतं, आपण कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

माझ्या टेबलावर हे जवळपास आठ महिने चाललं. त्या काळात मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्र तयार करणारी चिप चालवणारा प्रोग्राम) तीनदा नव्याने टाकला, एकदा अख्खी विंडोज पुसून परत बसवली, दोन नव्या केबल घेतल्या. प्रत्येक उपायानंतर मॉनिटर लगेच दिसला आणि प्रत्येक वेळी वाटलं, सुटलं एकदाचं. सुटलं नव्हतं. ड्रायव्हर टाकताना लॅपटॉप रीस्टार्ट झाला होता, केबल बदलताना जुनी निघून नवी लागली होती. मॉनिटर दिसत होता तो तेवढ्यामुळे, आणि श्रेय मी भलत्याच उपायाला देत होतो.

मॉनिटर कधी दिसतो, कधी दिसत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. ज्यांचा पहिल्या दिवसापासून दिसलेलाच नाही त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, विशेषतः केबल आणि अडॅप्टरचा भाग.

केबल लावल्यावर आत काय घडतं

हे समजून घ्यायला दोन मिनिटं लागतात आणि पुढचे कित्येक तास वाचतात, म्हणून आधी हेच सांगतो.

एचडीएमआयच्या जोडणीत १९ पिना असतात. बऱ्याचशा पिना चित्र आणि आवाज वाहून नेण्यासाठी असतात. मॉनिटर ओळखला जाणं अवलंबून असतं ते मुख्यतः चार पिनांवर: १५, १६, १८ आणि १९. लॅपटॉप १८ नंबरच्या पिनेवरून ५ व्होल्ट पाठवतो. मॉनिटर उत्तरादाखल १९ नंबरच्या पिनेवर व्होल्टेज देतो, म्हणजे 'मी इथे आहे' असं कळवतो. या इशाऱ्याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. इशारा मिळाला की लॅपटॉप १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरची ओळख वाचतो. ही ओळख म्हणजे ईडीआयडी नावाचा १२८ बाइटचा छोटा तक्ता. हल्लीच्या मॉनिटरमध्ये त्याला तेवढीच एखादी पुरवणीही जोडलेली असते. त्यात बनवणाऱ्या कंपनीची तीन अक्षरं, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं) असं सगळं लिहिलेलं असतं. ते वाचून लॅपटॉप ठरवतो की चित्र कसं पाठवायचं, आणि मग पाठवतो.

इशारा, ओळख, चित्र. क्रम हाच. डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीत पिनांचे नंबर वेगळे आहेत, पण पायऱ्या याच. यूएसबी-सीमध्ये या आधी आणखी एक बोलणी होतात, त्याबद्दल खाली येईलच.

आता केबल काढून लावल्यावर नेमकं काय होतं ते पाहा. १९ नंबरच्या पिनेवरचं व्होल्टेज खाली जातं आणि पुन्हा वर येतं, बस्स. इशारा नव्याने जातो. त्यानंतर चित्र व्यवस्थित येत असेल तर ओळख वाचली जाते आहे, चित्राच्या तारा शाबूत आहेत, पोर्ट बहुधा ठीक आहे. चुकतो आहे तो फक्त पहिला इशारा: एकतर मॉनिटरने वेळेवर दिला नाही, किंवा दिला तेव्हा लॅपटॉप ऐकायला जागा नव्हता. केबल काढून लावणं हा इलाज नाही, पण ती पक्की खूण आहे. मी आठ महिने ही खूण रोज पाहत होतो आणि तिच्याकडे लक्षच देत नव्हतो.

आपलं घोडं कोणत्या पायरीवर अडलं आहे हे विंडोजमध्ये सहज कळतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले उघडा. एकच पडदा दिसत असेल तर बहुधा इशाराच पोचलेला नाही. दोन पडदे दिसतात, पण दुसऱ्याचं नाव 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं आहे आणि रिझोल्यूशन अगदी कमी मिळतं, तर इशारा पोचला पण ओळख वाचता आली नाही. इथे संशय केबल, अडॅप्टर किंवा मधल्या स्विचवर. आणि मॉडेलच्या खऱ्या नावासकट दुसरा पडदा दिसतो, पण मॉनिटर काळाच आहे, तर पहिल्या दोन्ही पायऱ्या पार पडल्या. अडचण चित्राच्या वेगात, तारांत किंवा सेटिंगमध्ये आहे. या तीन बिघाडांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. तिसऱ्या प्रकारात डिटेक्ट बटण दाबत बसण्यात काहीच अर्थ नसतो, कारण मॉनिटर सापडलेलाच असतो.

चार दिवस नोंद ठेवा

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला नोंदीइतका चांगला उपाय मला माहीत नाही. कागदाचा तुकडा पुरतो. मॉनिटर दिसला नाही की लिहायचं: किती वाजता, त्याच्या आधी लॅपटॉप झोपलेला होता की पूर्ण बंद, चार्जर लावलेला होता का, झाकण उघडं होतं का, आणि शेवटी कशाने चालू झाला. नेहमीसारखा नीट चालू झाला त्या दिवसांचीही नोंद हवी. नाहीतर तुलना कशाशी करणार?

फक्त झोपेतून उठल्यावर होतं, तर झोपेच्या सेटिंगकडे वळा. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर ड्रायव्हर. केबलला किंवा लॅपटॉपला धक्का लागल्यावर होत असेल तर केबल किंवा पोर्ट. तासभर नीट चालून मग जात असेल आणि अडॅप्टर हाताला चटका बसण्याइतका तापलेला असेल, तर तोच दोषी. जास्त रिफ्रेश रेट ठेवल्यावरच होत असेल तर केबलची कुवत कमी पडते आहे.

एक वेगळं कारणही सांगतो, कारण ते कुणाच्या मनात येणंच शक्य नाही. गॅस सिलिंडर असलेल्या खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, आणि त्यातून निघालेला क्षणिक विद्युत-गोंधळ मॉनिटरच्या केबलमध्ये शिरतो. मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो, कधी चित्र परततं, कधी नाही. चांगलं आवरण असलेली, आखूड केबल घेतली की हा त्रास बराच कमी होतो. नोंद नसेल तर ही सांगड कधीच लागत नाही.

आधी सोपं तपासून घ्या

मॉनिटरच्या बटणांवरून त्याचा मेनू उघडा आणि इनपुट कोणतं निवडलं आहे ते पाहा. मॉनिटरवर एचडीएमआयची दोन भोकं असतील आणि केबल दुसऱ्यात असताना निवड पहिल्याची असेल, तर तो बिचारा रिकाम्या भोकाकडे बघत बसतो.

मग लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून पी दाबा. बाजूला चार पर्याय येतात, 'एक्स्टेंड' निवडा. 'पीसी स्क्रीन ओन्ली' चुकून निवडलं गेलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, कारण बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतली एखादी कळ हेच काम करते आणि पुसताना ती दाबली जाते. तेवढ्याने नाही झालं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, बहुधा एक बीप ऐकू येते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेलं काम बंद होत नाही. यानंतर मॉनिटर दिसला तर समजायचं की इशारा येत होता, ड्रायव्हर बधीर झाला होता. तेही नोंदीत लिहा.

शेवटी दोन्ही उपकरणांतली उरलीसुरली वीज काढून टाका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढून दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. त्याचं समोरचं बटण दाबून उपयोग नाही, त्याने तो फक्त झोपतो. मॉनिटरच्या आतही एक छोटा संगणकच असतो आणि तोही अडकतो.

केबल, अडॅप्टर आणि दिशा

सर्वांत जास्त वेळ मी लोकांना इथेच घालवताना पाहिलं आहे, कारण बाहेरून सगळं बरोबर दिसतं.

यूएसबी-सीपासून सुरुवात करू. भोक यूएसबी-सीचं आहे म्हणून त्यातून चित्र निघेलच असं नाही. चित्रासाठी त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सीच्या तारांतून डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायची सोय) किंवा थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर दोन यूएसबी-सी पोर्ट असतात आणि त्यांतला एकच चित्र देतो. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचं 'डी' आणि 'पी' गुंफलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं कडाडत्या विजेचं चिन्ह असेल तर ठीक. कोणतंच चिन्ह नसलं तरी चित्र मिळू शकतं, पण मग त्या नेमक्या मॉडेलचं माहितीपत्रक बघायलाच हवं.

केबलचंही तसंच. यूएसबी-सीच्या जोडणीत २४ जागा आहेत, पण फक्त चार्जिंगसाठी आलेल्या बहुतेक केबलमध्ये वेगवान माहितीच्या जोड्या घातलेल्याच नसतात. अशी केबल लावली की लॅपटॉप चार्ज होतो, मॉनिटरच्या पाठीवर जोडलेला माउससुद्धा चालू शकतो, आणि चित्र मात्र येत नाही. माणूस म्हणतो, केबल तर चालतेय! चालतेय, पण अर्धीच. मॉनिटरबरोबर खोक्यात आलेली केबल लावून बघा. ती दुसऱ्या कुणाच्या चार्जरला गेलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

यूएसबी-सीमध्ये चित्र सुरू होण्याआधी लॅपटॉप आणि मॉनिटर आपसात ठरवतात की वीज कोण देणार, किती देणार, आणि कोणत्या जोड्या चित्रासाठी सोडायच्या. ही बोलणी फसली की इशाऱ्यापर्यंत गाडी पोचतच नाही. डॉक (एका यूएसबी-सीवरून मॉनिटर, कीबोर्ड, माउस असं सगळं जोडणारी पेटी) वापरत असाल तर त्याचा स्वतःचा चार्जर लावून बघा. अनेक डॉक लॅपटॉपच्या विजेवर पंखा, कीबोर्ड चालवतात पण दोन मॉनिटर त्यांना पेलत नाहीत. डॉकला फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रामचं, अपडेट असतं हेही पुष्कळांना माहीत नसतं. झोपेनंतर मॉनिटर न दिसण्याचा दोष कित्येकदा याच अपडेटने जातो.

आता दिशा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट चालत नाही. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर ती चालेल. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल फिरवून लावल्यावर बसते छान, पण चित्र देत नाही. त्या दिशेला सिग्नल खरोखर बदलून देणारा, बहुतेक वेळा वेगळी वीज लागणारा कन्व्हर्टर हवा. लांब ऑप्टिकल एचडीएमआय केबललाही दिशा असते. तिच्या एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं. जुन्या व्हीजीए मॉनिटरची गोष्ट आणखी वेगळी. व्हीजीए १९८७ सालचं, पूर्णपणे ॲनालॉग. त्यात हॉट प्लगचा स्वतंत्र इशाराच नाही. एचडीएमआयहून व्हीजीएकडे यायला चिप असलेला अडॅप्टर लागतो आणि तो व्हीजीएहून एचडीएमआयकडे जायला चालत नाही.

डिस्प्लेपोर्टची केबल वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. या जोडणीत २० नंबरची पिन विजेची आहे आणि प्रमाणित साध्या केबलमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसते. निष्काळजीपणे बनवलेल्या काही केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि बंद केलेला संगणक नीट बंद होत नाही, चालू होताना अडतो, मॉनिटर कधी ओळखला जातो, कधी नाही. बाहेरून बघून हे कळत नाही. केबल बदलल्यावर हे सगळं एकदम थांबलं तर कारण हेच असण्याची दाट शक्यता.

चित्र येऊन लुकलुकत असेल किंवा 'आउट ऑफ रेंज' असं येत असेल तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा. त्यावर स्थिर राहिलं तर मॉनिटर आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत, जोडणी मागे पडते आहे. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. ६० हर्ट्झसाठी २.० लागतं. लॅपटॉप, अडॅप्टर, केबल, मॉनिटर या साखळीतली सर्वांत जुनी कडी जे देईल तेवढंच मिळतं.

झोप

माझा दोष इथे सापडला.

माझ्या नोंदीत आठ दिवसांत एक गोष्ट लखलखीत दिसली: दुपारी कधीच नाही, सकाळी नेहमी. दुपारी जेवायला उठलो तरी वीस-पंचवीस मिनिटांच्या झोपेनंतर मॉनिटर लगेच जागा होत होता. रात्रभर झोपला की मात्र हाक मारून उठत नव्हता. मॉनिटरला दोन केबल जोडलेल्या होत्या. एचडीएमआयची लॅपटॉपकडून आलेली, आणि डिस्प्लेपोर्टची एक जुनी, जिचं दुसरं टोक टेबलामागे मोकळं लोंबत होतं. इनपुटची निवड 'ऑटो'वर होती. सकाळी लॅपटॉप उठायचा आणि त्याच वेळी मॉनिटर आपल्या भोकांची फेरी मारत असायचा: एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, डिस्प्लेपोर्ट, पुन्हा पहिल्यापासून. काही सापडलं नाही की तो गाढ झोपेत जायचा आणि इशाऱ्याची पिन खाली सोडायचा. लॅपटॉप बघायचा तर पलीकडे कुणीच नाही. मग तो स्वतःच्याच पडद्यावर चित्र ठेवायचा, एचडीएमआयवर काही पाठवायचाच नाही, आणि पाठवत नाही म्हणून मॉनिटर उठायचा नाही. दोघं एकमेकांची वाट पाहत बसलेले.

उपाय असा: ऑटो बंद करून इनपुट कायमचं एचडीएमआय एकवर ठेवलं, आणि ती लोंबती केबल काढून टाकली. बस. मेनूत 'डीप स्लीप' नावाचं सेटिंग होतं तेही बंद केलं. काही मॉनिटरवर ते डिस्प्लेपोर्टपुरतं वेगळं दिलेलं असतं, काहींवर 'पॉवर सेव्हिंग'च्या पोटात लपलेलं असतं. ते बंद केल्यावर झोपेतली वीज थोडी जास्त जाते, पण इशाऱ्याची पिन जागी राहते.

विंडोजच्या बाजूनेही झोपेचा एक गुंता आहे. 'शट डाउन' केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होतो असं आपण धरून चालतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. काल संध्याकाळी ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत होता, तर आज सकाळी तो तसाच उठतो. रीस्टार्टमध्ये असं होत नाही, सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून 'बंद करून चालू केला तरी होत नाही, रीस्टार्ट केला की होतं' असं जो सांगेल त्याने कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून फास्ट स्टार्टअप बंद करून बघावं. आधी खात्री करायची असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. तेवढ्या एका वेळेपुरता लॅपटॉप खराखुरा बंद होतो.

उलट गोष्टही होते. एचडीएमआयवर ५ व्होल्ट लॅपटॉपकडूनच येत असल्यामुळे काही मॉनिटर आणि टीव्ही बंद असतानाही इशारा आणि ओळख देत राहतात. लॅपटॉपला वाटतं दुसरा पडदा आहेच, आणि खिडक्या त्या काळ्या पडद्यावर जाऊन बसतात. हा बिघाड नव्हे, फक्त विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' करायचं.

ड्रायव्हर

ड्रायव्हरला सगळे पहिल्यांदा हात घालतात. मी तो मुद्दाम इतक्या खाली ठेवला आहे.

डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच नाही आणि दुसरा पडदा मिळण्याची आशा सोडा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या मदत-पानावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर असं नाही.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एक गोष्ट फसवते. बऱ्याचदा एचडीएमआयचा पोर्ट थेट मोठ्या, वेगळ्या चिपला जोडलेला असतो आणि यूएसबी-सी प्रोसेसरमधल्या लहान चिपला. बॅटरी वाचवण्यासाठी कुणी डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा कंपनीच्या सेटिंग-ॲपमधून मोठी चिप बंद करून ठेवली, की एचडीएमआयचा पोर्ट मेल्यासारखा होतो. पोर्टमध्ये काही बिघडलेलं नसतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर आधी हे पाहा की तुमचं मॉडेल किती मॉनिटर चालवतं. एम १ आणि एम २ चिपचा मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. एम ३ चा एअर दोन चालवतो, पण झाकण बंद असेल तरच. दुसरा मॉनिटर दिसत नाही म्हणून केबल बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. तिथे केबलचा काही दोष नव्हता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ऑप्शन कळ दाबून धरली की 'डिटेक्ट डिस्प्लेज' हे एरवी न दिसणारं बटण येतं. आणि नवीन डॉक लावल्यावर 'ॲक्सेसरी जोडू द्यायची का' असं विचारलं गेलं असेल आणि नकळत 'नाही' दाबलं असेल, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन ते बदला.

लिनक्सवर निदान सर्वांत स्वच्छ होतं. 'सिस'मधल्या 'क्लास', त्यातल्या 'डीआरएम' फोल्डरात प्रत्येक पोर्टचा वेगळा फोल्डर असतो. त्यातली 'स्टेटस' ही फाइल इशारा पोचला का ते सांगते आणि 'ईडीआयडी' ही फाइल रिकामी असेल तर ओळख वाचलेली नाही. एनव्हिडियाची चिप असेल आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले प्रोग्राम चालू देणारी सुरक्षा-सोय) चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर गुपचूप नाकारला जातो. मोठ्या चिपला जोडलेला पोर्ट बंद राहण्याचं ते एक मोठं कारण.

दोष यंत्रात की प्रणालीत

इथपर्यंत काही हाती लागलं नसेल तर एक चाचणी करा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला ठेवून लॅपटॉप चालू करा आणि थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. बायोसचा पडदा मॉनिटरवर दिसला तर केबल, पोर्ट, मॉनिटर तिन्ही ठीक आणि दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूला. नाही दिसला तर मात्र लगेच पोर्टला दोष देऊ नका, कारण बरेच लॅपटॉप बायोस फक्त स्वतःच्या पडद्यावर दाखवतात. तेव्हा पेनड्राइव्हवर लिनक्स घालून त्यावरून लॅपटॉप चालू करा, काही इन्स्टॉल न करता. त्यात मॉनिटर लगेच आणि दर वेळी दिसला, तर विंडोज पुसून बसवण्याआधी ड्रायव्हर आणि झोपेची सेटिंग पुन्हा एकदा नीट पाहा. तिथेही अधूनमधून दिसत नसेल तर विंडोजला हात लावूच नका. मी ही अर्ध्या तासाची चाचणी आधी केली असती तर एक पूर्ण रविवार वाचला असता.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबलही नवी, ड्रायव्हरही नवा, इनपुटही बदललं, आणि मॉनिटर चालला, तर महिन्याने तो पुन्हा बंद पडेल तेव्हा तुम्ही पुन्हा शून्यावर असाल.

पोर्टच गेला असेल तर

एचडीएमआयच्या जोडणीला कुलूप नसतं. केबल फक्त घर्षणावर टिकते. टेबलाच्या कडेवरून लोंबणाऱ्या जड केबलचा भार वर्षानुवर्षं त्या इवल्या पोर्टवर पडतो. लॅपटॉप बंद करून टॉर्चने आत पाहा: मधली पट्टी सरळ आहे का, एखादी पिन दबली आहे का, धूळ किंवा कापसाचा धागा आहे का. धूळ हवेच्या फवाऱ्याने काढा. सुई, टाचणी, धातूचं काहीही आत घालू नका.

केबल थोडी वर दाबून धरली की चित्र येतं आणि सोडली की जातं, आणि दुसऱ्या केबलनेही तसंच, तर पोर्टचा सोल्डरिंगचा टाका मदरबोर्डवरून सुटत चालला आहे. दाबून, केबलखाली कागदाची घडी ठेवून दिवस ढकलू नका. टाका एकटा निघत नाही, खालची तांब्याची पट्टीही घेऊन निघतो, आणि मग साधं काम अवघड होतं. दुरुस्तीला देताना 'मॉनिटर चालत नाही' एवढंच सांगू नका. 'दोन केबलवर तपासलं, वर दाबल्यावर चित्र येतं, लिनक्सवरही तसंच' असं सांगा. समोरचा मग पोर्ट पाहील, विंडोज पुसणार नाही.

तोवर काम थांबवायची गरज नाही. चित्र देणारा यूएसबी-सी पोर्ट असेल तर त्यावरून मॉनिटर जोडा. तोही नसेल तर डिस्प्लेलिंक चिपचा अडॅप्टर साध्या यूएसबी ३ वर चालतो. तो चित्र दाबून, माहितीच्या रूपात पाठवतो, म्हणून त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. खेळांसाठी तो नाही. पण लिहिण्या-वाचण्यासाठी, हिशेबाच्या तक्त्यांसाठी मी तो एका ओळखीच्या ताईंना लावून दिला आहे. त्यांच्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट पूर्ण निकामी झाला होता, आणि त्या आजही त्यावरच काम करतात.